सासूबाईंचा अंगठा आणि साखरेचा डबा

प्रश्न थोडक्यात असा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की चमचाभर साखर पोटात गेली तरी रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाच तास झोपी जातात. घरात पाच वर्षांचा मुलगा, त्याला महिन्या-दीड महिन्याला सर्दी. म्हणून आईने त्याचं बिस्किट, दुधातली साखर आणि रविवारची पोहे-जलेबी बंद केली, साखरेचा डबा माळ्यावर टाकला. सासूबाई चिडल्या आहेत. त्या अडुसष्ट वर्षांच्या, बारा वर्षांपासून मधुमेह, तीन महिन्यांची शुगर १०.२. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: "त्यांच्या पायाच्या अंगठ्याला महिनाभर जखम आहे, पण दुखत नाही, त्यामुळे काळजी नाही."

ताई, इंदूरात फिजिशियन म्हणून अठ्ठावीस वर्षं झाली, त्यामुळे माझी नजर आधी त्या शेवटच्या वाक्यावर गेली. अंगठा याच आठवड्यात दाखवा. लाली, सूज, वास, काळपटपणा किंवा ताप यातलं काही असेल तर आजच. "दुखत नाही" हीच काळजीची गोष्ट आहे. असं का, ते पुढे सांगतो. पण तुम्ही विचारलंय साखरेबद्दल, तेव्हा आधी तो मेसेज.

तो मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथे एक प्रयोग झाला. निरोगी माणसांना १०० ग्रॅम साखर दिली; कधी ग्लुकोज, कधी फ्रुक्टोज, कधी आपली साधी साखर, कधी मध, कधी संत्र्याचा रस. मग त्यांचं रक्त काढून काचपट्टीवर पाहिलं की न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, किती जंतू गिळतात. गिळणं कमी झालं होतं. सगळ्यात कमी पहिल्या एक ते दोन तासांत, आणि पाच तासांनीही ते पूर्ण मूळपदावर आलेलं नव्हतं. मेसेजमधले "पाच तास" तिथूनच आलेत.

आता मेसेजमध्ये काय गाळलं ते बघा. १०० ग्रॅम म्हणजे चहाचे वीस-बावीस चमचे. कोल्याच्या ३०० मिलीच्या तीन बाटल्या एका दमात प्यायल्यासारखं. एक चमचा नव्हे. दुसरं, पेशी झोपल्या नव्हत्या, कमी गिळत होत्या. त्यांची संख्याही घटली नव्हती. तिसरं म्हणजे संत्र्याचा रस. सर्दीत लोक एकमेकांना आग्रहाने पाजतात तो रसही त्या यादीत होता, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते चौथं: स्टार्च दिला तेव्हा हा परिणाम दिसला नाही. पोह्यातला, पोळीतला स्टार्चसुद्धा आतड्यात ग्लुकोज होऊनच रक्तात जातो. मग "रक्तात साखर आली की पेशी मंदावतात" एवढं सोपं गणित असेल, तर स्टार्चनेही मंदावायला हव्या होत्या. शिवाय त्या माणसांना नंतर सर्दी जास्त झाली का, हे प्रयोगात पाहिलेलंच नाही. काचपट्टीवरची गिळण्याची मोजणी आणि घरातलं आजारपण यांच्यामध्ये बरंच अंतर असतं. माणसाच्या अस्थिमज्जेत रोज साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. दोन तास थोडा आळस आला म्हणून वेशीचं दार सताड उघडं राहत नाही.

उलट बाजूही ऐका. या पांढऱ्या पेशींचं खाणंच मुळी ग्लुकोज. न्यूट्रोफिल तर जवळजवळ सगळी ऊर्जा त्यातूनच काढतात. आणि विषाणू आला की ज्या टी-पेशी भराभर वाढतात, त्यांची ग्लुकोजची भूक कित्येक पटींनी चढते. लांब पल्ल्याचे धावपटू तास-दोन तास पळतात तेव्हा तणावाचे हार्मोन वाढतात आणि प्रतिकारशक्तीचं घडीभर बिनसतं. पळताना साखरेचं पाणी घेणाऱ्यांमध्ये ही उलथापालथ कमी होते, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे तीच साखर, इथे मदतीला. म्हणून "साखर इम्युनिटी मारते" हे वाक्य ऐकलं की मी विचारतो: कुठली साखर? ताटातली की रक्तातली? आणि किती वेळ राहिलेली?

एक हिशोब सांगतो, रुग्णांना तो नेहमी चकित करतो. मोठ्या माणसात साधारण पाच लिटर रक्त. निरोगी माणसाची उपाशीपोटी शुगर १००च्या आत, म्हणजे एक डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी. गुणाकार करा: सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅमसुद्धा साखर नाही. एक चमचा. दोन जलेब्या खाल्ल्या की त्याच्या कितीतरी पट साखर आत येते, आणि तरीही निरोगी माणसाचं शरीर इन्सुलिनच्या जोरावर ती यकृतात, स्नायूंत सरकवून दोन-तीन तासांत पुन्हा तो एक चमचा उरवतं. तुमच्या मुलाचं शरीर हे काम बिनबोभाट करतंय. सासूबाईंचं करू शकत नाहीये. त्यांच्या रक्तात दोन-अडीच चमचे साखर दिवसरात्र तशीच फिरते आहे, मग त्यांनी जलेबी खाल्लेली असो वा नसो.

इथे कुणीतरी हमखास विचारतं: डॉक्टर, साखरेत तर जंतू मरतात ना? मोरांबा वर्षभर टिकतो. बरोबर. मोरांब्यात साखर इतकी दाट असते की ती जंतूंच्या अंगातलं पाणीच ओढून घेते. पण तोच मोरांबा चमचाभर घेऊन ग्लासभर पाण्यात कालवा आणि मे महिन्यात ओट्यावर ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी वास बघा. मधुमेह बिघडलेल्या माणसाचं रक्त आणि लघवी ही त्या ग्लाससारखी असतात, बरणीसारखी नाहीत. रक्तातली शुगर १८०च्या आसपास वर गेली की ती लघवीत उतरते, आणि मग बुरशीला, जंतूंना आयतं जेवण. बायकांना तिथे वारंवार खाज, पुरुषांना शिश्नाच्या टोकाला लालसरपणा, यात संकोच करून महिनोन्‌महिने मलमं लावत बसणारे मी रोज बघतो. मधुमेह पहिल्यांदा सापडतो तो कित्येकदा याच तक्रारीतून.

पण जंतूंना खाऊ मिळणं हा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा आपल्या शिपायांचा. न्यूट्रोफिलला तीन कामं: जखमेपर्यंत पोचणं, जंतूला गिळणं आणि आत घेऊन जाळणं. (पू म्हणजे हे काम करून मेलेल्या पेशींचाच ढीग.) महिनोन्‌महिने साखर चढलेली असली की तिन्ही कामं बिघडतात. जाळण्याचं उदाहरण घ्या. जंतू मारायला पेशीला एक विशिष्ट सरपण लागतं. साखर जास्त झाली की पेशी ती जास्तीची साखर दुसऱ्या वाटेने, सॉर्बिटॉल करून, निकालात काढायला बघते, आणि त्या वाटेवरही तेच सरपण जळतं. एका चुलीची लाकडं दुसऱ्या चुलीत गेली. जंतू गिळला, पण शिजला नाही. त्यात प्रथिनांना साखर चिकटते ते वेगळंच. तीन महिन्यांची शुगर म्हणून जो रिपोर्ट येतो, तो दुसरं काय सांगतो? लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांत तिच्या हिमोग्लोबिनला किती पाक चढला, ते तो मोजतो. १०.२ म्हणजे शंभरातल्या दहा हिमोग्लोबिनवर पाक. असाच पाक जंतूंना ओळखणाऱ्या प्रतिपिंडांवर चढतो, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरही चढतो. मग शिपाई धडधाकट असला तरी रस्ता अरुंद.

माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. कापडाचं दुकान असलेले एक काका, मानेच्या मागे मोठं गळू घेऊन आले. अँटिबायोटिक दिलं, बरं झालं. दीड महिन्याने दुसरं. पुन्हा तेच, जरा भारी अँटिबायोटिक. तिसरं काखेत. चौथ्या वेळी काकूच म्हणाल्या, "डॉक्टर, हे रात्रीतून चार वेळा उठतात हो." तेव्हा कुठे शुगर तपासली. ३८६. त्या काकांना मी तीन वेळा जंतूंवरचं औषध दिलं आणि जंतूंना जेवण कुठून मिळतंय ते पाहिलंच नाही. तेव्हापासून गळू, न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा येणारी लघवीची जळजळ, लांबलेला खोकला, काहीही असो, बोटातून एक थेंब रक्त आधी. खोकल्याचं विशेष सांगायला हवं: मधुमेह असणाऱ्यांना क्षयाचा धोका दोन ते तीन पट असतो, म्हणूनच आपल्याकडे क्षय निघाला की शुगर तपासतात.

आणि २०२१चा मे-जून इंदूरकर विसरणार नाहीत. एमवाय या इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात काळ्या बुरशीचे वेगळे वॉर्ड उघडावे लागले, तिच्यावरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक गावभर फिरत होते. ती बुरशी काही परदेशातून आली नव्हती. तिचे कण मातीत, हवेत, शिळ्या पावावर नेहमीच असतात आणि आपण रोज हुंगतो. निरोगी नाकात तिचं काही चालत नाही. पण वर चढलेली साखर, त्यातून आंबट झालेलं रक्त, त्या आंबटपणाने मोकळं सुटलेलं लोह, वर कोविडसाठी दिलेलं स्टेरॉइड (तेही साखर चढवतं आणि शिपायांनाही थोपवतं), एवढं जमलं की तीच बुरशी नाकातून डोळ्याकडे, डोळ्यातून मेंदूकडे निघते. त्या दिवसांत मी पाहिलेल्या बहुतेकांना मधुमेह होता, आणि काहींना तो आहे हे तिथे येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. साखर आणि प्रतिकारशक्तीचं नातं समजून घ्यायचं तर ते इथे आहे, मुलाच्या बिस्किटात नाही.

लगेच उलट टोकालाही जाऊ नका. शुगर जितकी खाली तितकं चांगलं, असं नसतं. अतिदक्षता विभागातल्या सहा हजारांवर रुग्णांची एक मोठी चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यात एका गटाची शुगर ८१ ते १०८ मध्ये घट्ट धरली, दुसऱ्या गटाची १८०च्या आत सैलसर. घट्ट धरलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. सासूबाईंच्या वयात शुगर धाडकन ५०-६०वर येऊन पडणं, खुबा मोडणं, हे १०.२ पेक्षा बरं नाही. त्यांच्या तीन महिन्यांच्या शुगरचं ध्येय सात ते आठच्या दरम्यान कुठेतरी, त्यांचे डॉक्टर ठरवतील ते, आणि हळूहळू.

आता मुलगा. पाच वर्षांचं, शाळेत जाणारं पोर वर्षातून सहा-आठ वेळा शेंबडं होणं हा आजार नाही. ती त्याच्या प्रतिकारशक्तीची शाळा आहे. वजन वाढत नसेल, निमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल, कान वाहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नाहीतर नाक पुसा आणि लसीकरणाचं कार्ड पूर्ण करा. त्याने साखर कमी खावी हे मलाही पटतं, पण कारणं वेगळी: दात, वजन आणि बिस्किटाने भरलेल्या पोटात वरण-भाताला, भाजीला न उरलेली जागा. आतड्यातल्या चांगल्या जंतूंना भाजी-डाळीतला चोथा लागतो. त्यातून ते जे तयार करतात त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं, आणि शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा वाटा तिथेच, आतड्याच्या आजूबाजूला असतो. तेव्हा साखर काढून त्या जागी काहीच दिलं नाही तर फायदा अर्धाच. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस सांगते की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, पाचच्या आत असेल तर उत्तम. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. मुलाला त्याहून कमी. दुधातला एक चमचा आणि रविवारची एक जलेबी त्यात बसते. (घरी केली की जिलबी, ठेल्यावर घेतली की जलेबी, हा आपल्या इंदूरच्या मराठी घरांतला भेद मुलाला जरूर शिकवा.)

मात्र एक ठिकाण असं आहे जिथे साखर नाकारणं धोक्याचं. गेल्या उन्हाळ्यात एक आई जुलाबाने गळून गेलेल्या मुलीला घेऊन आली. ओआरएसचं पाकीट आणलं होतं, फोडलं नव्हतं. "त्यात साखर आहे, इन्फेक्शन वाढेल ना?" तिनेही असाच मेसेज वाचला होता. मुलीचे डोळे खोल गेलेले, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली तर हळू परतत होती. ओआरएसमधलं ग्लुकोज गोडीसाठी नसतं. आतड्याच्या भिंतीत एक दार आहे, ते ग्लुकोज आणि मीठ दोघं जोडीने आले तरच उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत कालवलेल्या याच मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. माळ्यावरचा तुमचा डबा एवढ्यासाठी तरी खाली आणा.

गूळ-मधाचंही विचारणारच तुम्ही. गुळात लोह वगैरे थोडं असतं, पण त्याचा बहुतेक भाग साखरच. मधाचा सुमारे ऐंशी टक्के. सासूबाईंच्या रक्ताला हा फरक कळत नाही. मुलाच्या रात्रीच्या खोकल्यावर झोपताना चमचाभर मध जरूर द्या, त्याने आराम पडतो. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला कधीही नाही, त्यात एका घातक जंतूचे बीजाणू असू शकतात. इम्युनिटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या च्यवनप्राशाच्या, सरबताच्या बाटलीमागचं बारीक अक्षर मात्र चष्मा लावून वाचा. साखर कितवी आहे ते बघा.

आणि सराफा, म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार. लोक विचारतात, सराफ्यातला जलेबा, रबडी इम्युनिटीला वाईट का? मी म्हणतो, रात्री एक वाजता तिथे उभं राहणं जास्त वाईट. २०१५च्या एका अभ्यासात १६४ निरोगी लोकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांवर झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. तुमचा मुलगा रात्री किती वाजता झोपतो, हे प्रश्नात लिहिलेलं नाही.

आता सासूबाई. त्यांना डबा माळ्यावर टाकल्याचा राग आलाय, तो मला समजतो. बारा वर्षं त्यांच्या चहातली साखर सगळ्यांनी मोजली, पण पाय कुणी पाहिला नाही. जखम दुखत नाही कारण साखरेने पायाच्या नसा बधिर केल्यात. दुखणं हा शरीराचा पहारेकरी; तो झोपला की माणूस जखमेवरच चालत राहतो. डॉक्टर नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्याला लावून वाकेपर्यंत दाबतील, त्याचा दाब बरोबर दहा ग्रॅमचा असतो. तो कळतो का विचारतील. पायाची नाडी बघतील, जखम खोल असेल तर हाडापर्यंत गेलीय का ते पाहायला एक्स-रे काढतील. तोवर गरम पाण्याचा शेक नको, हळद-तेल नको, ब्लेडने कडक कातडी सोलणं नको, आणि मंगळवार-बुधवारी खजराण्याला अनवाणी जाणंही नको. गणपती समजून घेईल. ताप आला, जेवण गेलं, म्हणून इन्सुलिन चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. आजारपणात शरीर स्वतःच साखर चढवतं, उपाशी असतानाही. काही गोळ्या त्या दिवसांत थांबवाव्या लागतात, पण कुठल्या ते फोन करून विचारा. फ्लू आणि न्यूमोकोकसची (निमोनियाच्या एका जंतूवरची) लस घेतली नसेल तर याच भेटीत विषय काढा.

शेवटची एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वी अशाच एक आजी आल्या, टाचेला जखम, तीन आठवडे ड्रेसिंग करूनही भरेना. शुगर बरी होती, अँटिबायोटिक बरोबर होतं. निघताना त्यांनी दाराबाहेर काढलेली चप्पल मी सहज हातात घेतली आणि आत बोट फिरवलं. तळाचा एक बारीक खिळा वर आला होता. त्या रोज त्यावर टाच ठेवून चालत होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता. तेव्हा दाखवायला जाल तेव्हा नवी, ठेवणीतली चप्पल घालून नेऊ नका. घरात आणि बाहेर रोज वापरतात ती जोडी पिशवीत घालून बरोबर न्या.